विद्यापीठाच्या आवारातील येत्या तीन महिन्यांचे प्रयोग आणि व्याख्याने: बाहेरच्या श्रोत्याने कोठून सुरुवात करावी?

अंबाजोगाईकर (प्रश्न)

नमस्कार. अंबाजोगाईच्या एका शाळेत २६ वर्षे मराठी शिकवून मी गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि संक्रांतीच्या आधी लेकीकडे, बाणेरला, राहायला आले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घरापासून फार लांब नाही, तरीही आत जाणे आजवर दोनदाच झाले. आमच्या गावी दर नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह असतो. गाणे असो वा व्याख्यान, सारे एकाच पत्रिकेवर येते आणि गाव त्याची आधीपासून वाट पाहते. येथे विद्यापीठात कार्यक्रमांना तोटा नाही असे सगळे सांगतात, पण त्यांची एक पत्रिका मात्र मला कोठेच मिळाली नाही. एका व्याख्यानाची बातमी ते होऊन गेल्यावर कानावर आली. दुसऱ्या वेळी मी वेळेवर निघाले, पण पत्ता शेवटपर्यंत वाचला नव्हता. मी आवारात सभागृह शोधत राहिले आणि व्याख्यान शहराच्या दुसऱ्याच भागात चालू होते.

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आवारात काय काय होते, ते आधी कसे कळते आणि त्यातले आमच्यासारख्यांनी काय चुकवू नये, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती. घरात नातू आठवीत आहे आणि त्याला ताऱ्यांचे वेड आहे. नात गेली तीन वर्षे नेमाने कथक शिकते आहे. विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातील विद्यार्थी परीक्षेसाठी नाटक, नृत्य आणि गायन सादर करतात असे ऐकले. ते बाहेरच्यांनी पाहिलेले चालते का? माझ्या मनात संकोच आहे, कारण जन्मभर परीक्षा घेतलेल्या माणसाला परीक्षेच्या खोलीत तिसऱ्या कोणी येऊन बसणे पटत नाही. शिवाय एखाद्या विभागातील व्याख्यान त्या विषयाच्या अभ्यासकांसाठीच असते की माझ्यासारखीने मागच्या रांगेत बसून ऐकले तरी त्याचे काही वाटत नाही?

मंचामागची (उत्तर)

नमस्कार बाई. मी ललित कला केंद्रात नाटक शिकले, म्हणून आपल्या संकोचापासून सुरुवात करते. लेखी परीक्षेच्या खोलीत तिसरा माणूस नको, हे खरेच. पण नाटकाची परीक्षा प्रेक्षकांशिवाय होऊच शकत नाही. आम्ही तालमीत ज्या जागी हशा येईल असे धरून चाललो होतो, तेथे प्रयोगाच्या दिवशी शांतता पसरली आणि ज्या वाक्याकडे आम्ही कोणी लक्ष दिले नव्हते, त्यावर मागच्या रांगेतील एक आजी मोठ्याने ‘अगं बाई’ म्हणाल्या. त्या संध्याकाळी वाक्य कसे टाकावे याचे जे शिक्षण मला मिळाले, ते दोन महिन्यांच्या तालमींनी दिले नव्हते. परीक्षक पहिल्या रांगेत वही घेऊन बसलेले असतात आणि त्यांच्या मागे भरलेली जागा विद्यार्थ्याला हवी असते. तेव्हा आपण अवश्य या.

केंद्र १९८७ साली सुरू झाले आणि त्याच्या नावापुढे ‘गुरुकुल’ हा शब्द आहे, कारण गायन, वादन आणि नृत्य यांचे शिक्षण गुरूंच्या समोर बसून घ्यायचे, ही त्याची मूळ कल्पना. नाट्यशिक्षणाची घडी तेथे बसली त्यात नाटककार सतीश आळेकर सरांचा वाटा मोठा आहे. १९९६ पासून २००९ पर्यंत ते केंद्राचे प्रमुख होते. आपल्याला ज्या गोष्टी पाहायच्या आहेत त्या मुख्यतः सत्राच्या शेवटाकडे, म्हणजे मार्चच्या उत्तरार्धापासून पुढे, एकामागून एक येऊ लागतात. त्या काळात केंद्राच्या अंगणमंचावर आणि आवारातील सभागृहांत विद्यार्थ्यांनी बसवलेल्या एकांकिका, दीर्घांक आणि नाट्यप्रवेश होतात. नेपथ्याच्या चौकटी विद्यार्थीच ठोकतात, आज ज्याने प्रमुख भूमिका केली तो उद्या दुसऱ्याच्या नाटकात प्रकाशयोजना सांभाळतो, आणि कधी कधी एकच संहिता दोन विद्यार्थी वेगवेगळ्या प्रकारे बसवतात. जमल्यास असे दोन्ही प्रयोग पाहावेत. दिग्दर्शक नेमके काय करतो, हा प्रश्न मला अनेकजण विचारतात आणि त्याला याहून सरळ उत्तर माझ्यापाशी नाही.

अंगणमंच उघड्यावर आहे, हे लक्षात ठेवून या. फेब्रुवारीत दिवस मावळला की गारवा झपाट्याने वाढतो, म्हणून अंगावर शाल असू द्यावी. गाण्याच्या कार्यक्रमात याच गारव्यामुळे तंबोरे मध्येच पुन्हा लावावे लागतात आणि गाणारी मुलगी डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, स्वर जुळेपर्यंत थांबलेली दिसते. पुष्कळ श्रोते त्या वेळी बोलायला लागतात. कृपा करून बोलू नये. त्या अर्ध्या मिनिटात तिचा षड्ज, म्हणजे मूळ ‘सा’, ठरत असतो.

आपल्या नातीसाठी कथकची मंचप्रदर्शने फार उपयोगाची ठरतील. व्यावसायिक कार्यक्रमात नर्तकी आपल्या हातखंड्याच्या गोष्टी निवडते, परीक्षेत मात्र क्रम पुरा करावा लागतो. वंदना, थाट, आमद, तोडे-तुकडे, परण, गत आणि तत्कार या ठरलेल्या पायऱ्या करत अखेरीस ठुमरी किंवा भजनावरचा अभिनय येतो. १६ मात्रांच्या तीनतालावर हात बसलेली मुलगी १४ मात्रांच्या धमारात किंवा १० मात्रांच्या झपतालात कशी सावरते, हे तेथे उघड दिसते. प्रत्येक बंदिशीआधी नर्तकी हातावर ताल धरून बोल म्हणून दाखवते, ती पढंत नातीला लक्षपूर्वक ऐकायला सांगा आणि तिला स्वतःला हातावर ताल धरू द्या. भरतनाट्यमचा मार्ग वेगळा आहे. त्यातील वर्णम हे मुख्य नृत्य एकटेच अर्धा तास किंवा त्याहून अधिक चालते आणि लहान मुले तेथे कंटाळतात, तेव्हा ते आधी आपण एकट्याने पाहावे.

कळण्याचा मार्ग विचारलात. केंद्राच्या दारातील सूचनाफलक आणि केंद्राची समाजमाध्यमांवरील पाने हे दोन्ही पाहावेत. पण खरा उपाय असा, की एका प्रयोगाला यावे आणि तो संपल्यावर रंगभूषा पुसत उभ्या असलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला पुढचा प्रयोग कधी ते विचारावे. तो आपल्याला तारीख सांगेल, स्थळ सांगेल आणि आपला दूरध्वनी क्रमांकही लिहून घेईल. बहुतेक परीक्षा-प्रयोगांना प्रवेशमूल्य नसते, मात्र जागा मोजक्या असतात आणि तिसऱ्या घंटेनंतर आत सोडत नाहीत.

पाषाणचा वाचक (उत्तर)

नमस्कार काकू. नातू आठवीत आहे असे वाचले म्हणून आयुकाबद्दल लिहितो. आयुका, म्हणजे खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचे आंतरविद्यापीठीय केंद्र, विद्यापीठाच्या आवारातच आहे, पण ती स्वतंत्र संस्था आहे आणि तिच्या कार्यक्रमांची माहिती विद्यापीठाकडे नव्हे, तर आयुकाच्या संकेतस्थळावर मिळते. शालेय वर्षात महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तेथे विद्यार्थ्यांसाठी विज्ञानाचे व्याख्यान किंवा सप्रयोग व्याख्यान असते. शाळांमार्फत मुले येतात, म्हणून नातवाच्या विज्ञानशिक्षकांना आधी सांगून ठेवावे. सभागृहाला खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव आहे आणि २८ डिसेंबर १९९२ रोजी संस्थेचे राष्ट्रार्पणही त्यांच्याच हस्ते झाले.

या तीन महिन्यांतील मोठा दिवस २८ फेब्रुवारी. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ साली याच तारखेला प्रकाशाच्या विकिरणाविषयीचा आपला शोध जाहीर केला, म्हणून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन झाला. आयुकात त्या निमित्ताने सर्वसामान्यांना दारे उघडी असतात. व्याख्याने होतात, संशोधक स्वतः उभे राहून मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देतात आणि आकाश निरभ्र असेल तर रात्री दुर्बिणीतून दर्शन घडते. गर्दी फार होते. सकाळी लवकर पोहोचलात तर वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी रचलेले अंगण निवांतपणे पाहता येईल. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे तेथे आहेत. तेथील फुकोच्या लंबकापाशी मात्र नातवाला घाई करू देऊ नका. लंबकाच्या झोक्याची दिशा पृथ्वीच्या परिवलनामुळे हळूहळू वळत जाते. ध्रुवावर ती एका दिवसात पूर्ण फिरली असती, पण पुणे साडेअठरा अंश अक्षांशावर असल्याने येथे त्या फेरीला सुमारे ७५ तास लागतात. अर्धा तास थांबलात तर तेवढ्यात झोका दोन-अडीच अंशांनी सरकतो. आम्ही माझ्या मुलाबरोबर कागदावर रेघ मारून तो फरक ताडून पाहिला, आणि त्यानंतर ‘पृथ्वी फिरते’ हे वाक्य त्याला पाठ करावे लागले नाही.

त्याच परिसरात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून तिची ‘पुलस्त्य’ ही वास्तू उभी राहिली. येथे टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून विज्ञान शिकवतात. अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षे येथे हे काम केले.

आयुकाचे संस्थापक जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. स्वाक्षरी मागायला आलेल्या मुलांना ते सांगत, की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी स्वाक्षरी मिळेल. आपण मराठीच्या शिक्षिका आहात, म्हणून हे मुद्दाम लिहिले. व्याख्यानाला जाण्याआधी नातवाकडून एक प्रश्न नीट वाक्यात लिहून घेतलात तर त्याला तेथे बोलताना अडखळायला होणार नाही.

एक सावधगिरी: आयुकात तज्ज्ञांसाठीही नियमित भाषणे होतात आणि ती इंग्रजीतून, बरीच गणिती असतात. सूचनेत ‘सार्वजनिक व्याख्यान’ असे म्हटले असेल तरच मुलांना न्यावे. माझ्या मते विषयाची पार्श्वभूमी नसलेल्या मोठ्यांनीही एवढ्यावरच थांबावे.

गणेशखिंड (उत्तर)

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, परंतु शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. मी या आवारात तीन दशके तत्त्वज्ञान शिकवले आणि माझ्या विभागातील व्याख्यानांना ज्या बाहेरच्या श्रोत्यांनी वर्षानुवर्षे हजेरी लावली, त्यांच्यापैकी कितीतरी जणांना सुरुवातीला अर्ध्याहून अधिक भाग समजत नसे. तरी ते येत राहिले आणि काही वर्षांनी आमच्या विद्यार्थ्यांना जमणार नाहीत असे प्रश्न विचारू लागले. पुण्यात ही रीत जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने १८७५ साली सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेत कारकून, वकील, विद्यार्थी असे सगळे एकत्र बसून ऐकत. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील काळे स्मृती व्याख्यान देण्यासाठी २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तेव्हा त्यांनी १९३५ च्या भारत सरकार कायद्यातील संघराज्याच्या योजनेची कठोर चिकित्सा मांडली. तो विषय सोपा नव्हता आणि तो सोपा करून सांगण्याची अपेक्षाही श्रोत्यांनी केली नसावी.

व्याख्यान आणि चर्चासत्र यांतील फरक मात्र आपण लक्षात घ्यावा. विभागाने ‘विशेष व्याख्यान’ किंवा ‘स्मृती व्याख्यान’ जाहीर केले असेल तर निःशंकपणे यावे. चर्चासत्राला बहुधा नावनोंदणी आणि शुल्क असते, तेथे जेवणाची व चहाची मोजणी झालेली असते, त्यामुळे आधी विभागाच्या कार्यालयात विचारून घ्यावे. याखेरीज आणखी एक प्रकार आहे, ज्याकडे बाहेरच्या कोणाचेच लक्ष जात नाही: पीएच.डी.ची खुली मौखिक परीक्षा. चार-पाच वर्षे एका विषयात बुडालेला विद्यार्थी अर्ध्या-पाऊण तासात आपल्या प्रबंधाचा गाभा मांडतो आणि मग बहिःस्थ परीक्षक त्याला प्रश्न विचारतात. सूचना विभागाच्या फलकावर लागते. विषयात रस असेल तर विभागप्रमुखांना विचारून मागे बसावे. बाई, परीक्षेविषयीचा आपला संकोच मला समजतो, परंतु या परीक्षेच्या नावातच ‘खुली’ हा शब्द आहे.

आपण मुकुंदराजांच्या गावच्या. ‘विवेकसिंधू’चा शके १११० हा पारंपरिक काळ आपण वर्गात शिकवला असेल, त्या काळनिर्णयावर अभ्यासकांत किती वाद आहे, हेही आपल्याला ठाऊक असेल. मराठी विभागात मध्ययुगीन वाङ्मयावर किंवा महानुभाव गद्यावर व्याख्यान ठरले, तर आपण तेथे नवख्या ठरणार नाही. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिन असतो आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाल्यापासून जुन्या मराठीवर बोलण्या-ऐकण्याला नवे बळ आले आहे. संस्कृत प्रगत अध्ययन केंद्र १९६४ पासून येथे आहे आणि पाली व स्त्री-अभ्यास या विभागांतही बाहेरच्या अभ्यासकांची व्याख्याने होत असतात. विषय वाचून घाबरू नये. व्याख्यानाचा गोषवारा प्रसिद्ध झाला असेल तर तो आदल्या दिवशी वाचावा, त्यातील न कळणारे तीन शब्द कोशात पाहावेत, आणि व्याख्यान संपल्यावरची प्रश्नोत्तरे अर्धवट सोडून उठू नये, कारण वक्त्याने कागदावरून वाचले ते पुढे कोठेतरी छापून येईल, पण प्रश्नाला दिलेले उत्तर त्या खोलीबाहेर सापडणार नाही.

पत्त्याविषयी. विद्यापीठाचे सगळे विभाग गणेशखिंडच्या आवारात नाहीत. वृत्तपत्रविद्या आणि परकीय भाषा हे विभाग फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. १८२१ साली सुरू झालेले डेक्कन कॉलेज तर येरवड्याकडे आहे आणि ते स्वतंत्र अभिमत विद्यापीठ आहे, तरी पुष्कळ लोक त्याची व्याख्याने येथे शोधतात. विद्यापीठाबाहेरच्या लोकांसाठी व्याख्याने ठेवणाऱ्या बहिःशाल शिक्षण मंडळाची बॅरिस्टर जयकर व्याख्यानमाला विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरूंच्या नावाने चालते, पण ती होते ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत. सूचनेतील शेवटची ओळ, म्हणजे सभागृह आणि रस्ता, आधी वाचावी.

अंबाजोगाईकर

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. नातवाच्या शाळेत आजच चिठ्ठी पाठवली आणि २८ फेब्रुवारीचा दिवस आम्ही दोघांनी दिनदर्शिकेवर लाल शाईने राखून ठेवला. मराठी विभागाच्या फलकापाशी मी सोमवारी स्वतः जाऊन येणार आहे. खुल्या मौखिक परीक्षेची कल्पना मला नव्हती. माझ्या एका विद्यार्थिनीने पीएच.डी. केली तेव्हा मी अंबाजोगाईहून जाऊ शकले असते आणि गेले नाही, याची आता हळहळ वाटते.

मंचामागची यांना एक विचारायचे आहे. नात अकरा वर्षांची आहे. परीक्षा देणाऱ्या मुलीचे काही चुकलेले हिला दिसले आणि ती माझ्या कानात कुजबुजली, किंवा घरी येऊन इतरांना सांगत बसली, तर ते त्या मुलीवर अन्यायाचे होईल. तिला काय सांगून आणू?

मंचामागची

बाई, तिला एवढेच सांगा, की चूक झाली तर पुढच्या समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, पाहा. परीक्षेच्या ताणात ठेक्यातून पाय निसटतो, एखादी तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला बोल, एका मात्रेने आधी संपते. असे झाल्यावर मुलगी थांबते, पुन्हा पढंतीपासून सुरू करते की चालत्या लयीत स्वतःला सामावून पुढच्या आवर्तनात समेवर येते, हे पाहण्यासारखे असते. तीन वर्षे शिकलेल्या मुलीला ते नक्की दिसेल. प्रयोगानंतर ती त्या मुलीला भेटायला आत आली आणि ‘ताई, तुम्ही परत समेवर कशा आलात’ असे तिने विचारले, तर त्या मुलीला आनंदच होईल. माझ्या बरोबरीच्या नर्तकी मैत्रिणींच्या वतीने मी हे सांगू शकते. शक्य असेल तर घुंगरू उतरवून होईपर्यंत थांबावे, कारण तोवर श्वास लागलेला असतो.

पाषाणचा वाचक

गणेशखिंड सरांचे म्हणणे मला मान्य आहे आणि मी माझे शेवटचे वाक्य मागे घेतो. आयुकातील तज्ज्ञांच्या भाषणाला पुढच्या वेळी मी स्वतःच जाऊन बसणार आहे.

काकू, येण्याजाण्याचे तेवढे सांगतो. विद्यापीठ चौकात संध्याकाळी पाच ते आठ वाहनांची कोंडी असते आणि सहाच्या कार्यक्रमासाठी साडेपाचला बाणेरहून निघालेला माणूस हमखास चुकतो. शक्यतो साडेचारला निघावे, मुख्य प्रवेशद्वाराशी कार्यक्रमाची सूचना दाखवावी आणि उरलेला वेळ मुख्य इमारतीसमोरच्या हिरवळीपाशी काढावा. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांसाठी बांधलेली ती वास्तू एरवी बाहेरूनच पाहायला मिळते, पण १० फेब्रुवारीला, विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, काही वर्षी ती लोकांना आतून पाहण्यासाठी खुली ठेवली गेली आहे. या वर्षीची सूचना निघाली की मी ती येथे लिहीन. परतीसाठी रिक्षा आतल्या रस्त्यांवर सहसा मिळत नाही, म्हणून प्रयोग रात्री संपणार असेल तर लेकीला मुख्य प्रवेशद्वाराशी यायला सांगून ठेवा.